मदत हवी आहे: विंडोज सर्व्हर 2012 आर2 वरचं डोमेन (ऑफिसातले संगणक आणि खाती एकत्र सांभाळणारी व्यवस्था) 2022 वर न्यायचंय, गाडी एफआरएसपाशी अडली

महापे_सर्व्हर:
महापेच्या ऑफिसात एक डीसी (डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर), वागळे इस्टेटच्या शाखेत दुसरा. दोन्ही विंडोज सर्व्हर 2012 आर2, मध्ये व्हीपीएन. डोमेन 2003 च्या जमान्यातलं, फंक्शनल लेव्हल (डोमेन कोणत्या आवृत्तीच्या सोयी वापरतं ती पातळी) नंतर 2008 आर2 केलेली. नव्या 2022 सर्व्हरला डीसी करायला गेलं की सुरुवातीच्या तपासणीतच नकार: सिसवॉल (लॉगिन स्क्रिप्ट आणि पॉलिस्या ठेवणारं, सगळ्या डीसींवर असणारं फोल्डर) अजून एफआरएसवर, म्हणजे डीसींमध्ये त्याची कॉपी जुळती ठेवणाऱ्या जुन्या सेवेवर आहे. जुन्यावरच इन-प्लेस अपग्रेड केला, म्हणजे त्याच मशीनवर नवी आवृत्ती चढवली तर? हातात शनिवार संध्याकाळ ते रविवार रात्र एवढाच वेळ आहे.

रेप्लिकेशनवाला:
इन-प्लेसचा नाद सोडा. 2012 आर2 वरून थेट 2022 होत नाही, आणि 2019 पासून एफआरएस चालतच नाही. लेव्हल वाढवली म्हणून सिसवॉल आपोआप डीएफएसआरवर (एफआरएसच्या जागी आलेल्या नव्या सेवेवर) जात नाही, ते काम हातानेच करावं लागतं.

आधी दोन्ही डीसींचा सिस्टम स्टेट (डोमेनच्या माहितीसकट) बॅकअप. मग एफआरएसच्या इव्हेंट लॉगमध्ये 13568 नंबरची नोंद शोधा. दिसली तर जर्नल रॅप झालंय (बदलांच्या नोंदीतला दुवा तुटलाय), म्हणजे त्या डीसीची कॉपी मागे पडलेली असणार. आजारी डीसीवर रजिस्ट्रीत बरफ्लॅग्ज ही किंमत डी2 करून एफआरएस सेवा रीस्टार्ट करा, तो दुसऱ्याकडून सगळं नव्याने ओढून घेईल. डी4 ला हात लावू नका, ती त्या सर्व्हरचीच कॉपी खरी धरते. चुकीच्या सर्व्हरवर लागला तर जुनाट पॉलिस्याच सगळीकडे पसरतील.

दोन्हीकडे पॉलिसी फोल्डरांची संख्या जुळली की 'डीएफएसआरमिग सेटग्लोबलस्टेट 1' ही आज्ञा द्या (1 म्हणजे तयारी). मग 2 (डीएफएसआरची कॉपी वापरात), शेवटी 3 (एफआरएस काढून टाकणं). प्रत्येक पायरीला 'गेटमायग्रेशनस्टेट'ने दोन्ही डीसी पोचल्याची खात्री करा. 2 वर असेपर्यंत मागे फिरता येतं, 3 नंतर नाही. म्हणून या शनिवारी 2 वर थांबा, आठवडाभर लॉगिन स्क्रिप्ट आणि पॉलिस्या बघा, 3 पुढच्या शनिवारी. या काळात ग्रुप पॉलिसीत बदल नकोत.

महापे_सर्व्हर:
वागळेच्या डीसीवर 13568 निघाला. डी2 नंतर फोल्डर जुळले, 1 ची आज्ञा दिली. महापे लगेच पोचला, वागळे तासभर आधीच्याच स्थितीत.

रेप्लिकेशनवाला:
दोन साइट वेगळ्या असतील तर रेप्लिकेशनचा डिफॉल्ट अवधी 180 मिनिटं असतो. साइट लिंकवर (दोन साइटमधल्या जोडणीच्या सेटिंगमध्ये) 15 करा. घाई असेल तर 'रेपअ‍ॅडमिन सिंकऑल', मग वागळेवर 'डीएफएसआरडायग पोलएडी'.

ऐरोली_नेट:
पुढचं मी सांगतो. 3 झालं की 2022 ला वेगळा आयपी देऊन डीसी करा. अ‍ॅडप्रेप (डोमेनला नव्या आवृत्तीसाठी तयार करणारं साधन) आपोआप चालतं, मात्र खातं स्कीमा अ‍ॅडमिन्स आणि एंटरप्राइझ अ‍ॅडमिन्समध्ये हवं. स्कीमा (डोमेनच्या माहितीचा साचा) आवृत्ती 69 वरून 88 व्हायला पाहिजे. पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच डीसीकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) नव्यावर हलवून 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ'ने ताडून घ्या. त्यातला पीडीसी (डोमेनचं घड्याळ सांभाळणारा रोल) नव्यावर गेला की बाहेरचा एनटीपी, म्हणजे वेळ देणारा सर्व्हर, तिथे लावा. नवा सर्व्हर हायपर-व्हीवर (व्हर्च्युअल मशीन म्हणून) असेल तर होस्टकडून वेळ घेणं बंद, कारण घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरॉस (लॉगिन तपासणारी पद्धत) दार उघडत नाही.

जुना डीसी रीतसर डिमोट करा (त्याचं डीसीपण काढा), नुसता बंद करून ठेवू नका. मग त्याचा आयपी बदला आणि जुना आयपी नव्याला द्या. प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, फायरवॉल, सगळीकडे तोच आकडा डीएनएस म्हणून टाकलेला असतो. 'आयपीकॉन्फिग रजिस्टरडीएनएस' आणि नेटलॉगॉन सेवा रीस्टार्ट विसरू नका, म्हणजे नवा पत्ता डीएनएसमध्ये नोंदला जाईल.

आणि झेरॉक्स मशीनचं स्कॅन त्याच सर्व्हरच्या फोल्डरात पडत असेल तर सोमवारी सकाळी पहिला फोन त्याचाच येणार. अशी जुनी मशीनं फाइल पाठवायला एसएमबी1 वापरतात, आणि ते 2022 वर डिफॉल्टने बसवलेलं नसतं. ते चालू करत बसू नका. मशीनचं फर्मवेअर बघा, नाहीतर स्कॅन ईमेलवर वळवा.