पेरणी की ऊसतोडीची उचल? अभ्यासगटाला भरवशाबद्दल काय शिकवावं?

नवापूरकर:
सर्वांना प्रभूत सलाम. आमच्या मंडळीत दर बुधवारी शिष्यत्वाचा अभ्यास असतो. बहुतेक घरं कोरडवाहू. पाऊस लांबला की इकडे पेरणीची घाई आणि तिकडे ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दारात. दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जायचं की नाही, ते भर पावसाळ्यातच ठरवावं लागतं. ‘देवावर भरवसा ठेवा’ एवढ्यावर आता भागत नाही. भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय, हे कसं शिकवावं?

साक्रीचा पाळक:
सलाम भाऊ. बायबलातल्या यिर्मयाच्या २९ व्या अध्यायापासून सुरुवात करा, पण ११ वं वचन एकटं उचलू नका. देवाचे संकल्प हिताचे आहेत हे कॅलेंडरवर सगळे वाचतात, त्याच्या आधीच्याच वचनातली बाबेलच्या बंदिवासाची ७० वर्षं कोणी वाचत नाही. त्यासोबत २८ वा अध्याय घ्या. खोटा संदेष्टा हनन्या सांगतो, दोन वर्षांत सगळे बंदिवान परत येतील. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया मात्र बाबेलातल्या बंदिवानांना लिहितो, घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, त्या नगरासाठी प्रार्थना करा (२९:५-७). शेवट कधी हे हाती नसताना आज करण्यासारखं काम देवानं दिलं. माझ्या मते भरवशाचा गाभा तोच.

गटाला विचारा, ‘अमुक महिन्यापर्यंत देव करणारच’ अशी मुदत कोणी मनात धरली आहे का? मुदत टळली की माणूस देवावर रुसतो, आणि देवानं तसा शब्द दिलेलाच नसतो. विश्वास मोडतो तो बहुतेक वेळा इथेच. घाई करू नका, या एकाच धड्याला दोन बुधवार लागले तरी चालतील.

मग स्तोत्र १३. सहाच वचनं: १-२ गाऱ्हाणं, ३-४ मागणं, ५-६ भरवसा. प्रत्येकाला याच क्रमानं स्वतःची प्रार्थना करू द्या, मावचीत, भिलीत, अहिराणीत, जी घरची बोली असेल तीत. गाऱ्हाणं म्हणजे अविश्वास असं वाटून लोक थेट शेवटच्या भागावर उडी मारतात आणि प्रार्थना पोकळ होते.

शहाद्याची ताई:
निर्णयाचंही शिकवा. चिठ्ठ्या टाकणं, डोळे मिटून बायबल उघडणं, ‘गिदोनासारखी लोकर ठेवली’ म्हणजे देवाकडे खूण मागितली म्हणणं, हे फार चालतं. शास्ते ६ पूर्ण वाचून घ्या. देवानं १४ व्या वचनातच गिदोनाला ‘जा’ म्हणून सांगितलेलं आहे, लोकर येते ३६ व्या वचनात. देवाची इच्छा शोधायची रीत म्हणून ती दिलेली नाही.

त्यापेक्षा लूक १४:२८ प्रमाणे, बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करणाऱ्यासारखं, वही घेऊन बसा. उचल किती, टनाला दर किती, वजावट कशाकशाची, मुलांच्या शाळेचं काय, नवराबायको दोघांनी मिळून लिहायचं. पेरणीचंही तसंच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. उधारीचं बियाणं धूळपेरणीत, म्हणजे पावसाआधी कोरड्या जमिनीत, टाकून ‘देव बघेल’ म्हणणं म्हणजे मत्तय ४:७ मधली देवाची परीक्षा पाहणं, भरवसा नाही. हिशेब झाल्यावर याकोब ४:१५ (‘प्रभूची इच्छा असेल तर’) वाचून प्रार्थना करा आणि ठरवा.

नवापूरकर:
ताई, आणि ठरवलेलं चुकलं तर? ‘देवाच्या इच्छेबाहेर गेलो’ म्हणून लोक खचतात.

साक्रीचा पाळक:
प्रेषितांची कृत्ये १६ वाचा. पौलाच्या दोन वाटा अडवल्या गेल्या, तरी त्याला कोणी दोष दिला नाही. पुढे दृष्टांत पाहून फिलिप्पैला गेला तर तिथे फटके आणि तुरुंग. म्हणजे हाल झाले एवढ्यावरून निर्णय चुकला असं ठरत नाही.

जाणाऱ्यांची यादी मात्र दिवाळीआधीच करा: कोणतं कुटुंब कोणत्या पडावावर (तोडकऱ्यांच्या मुक्कामाच्या जागी), सोबत विश्वासातलं दुसरं कोण. एका पडावावर दोन-तीन कोयते (तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोड्या) आपले असतील तर उपासना कोण चालवणार ते इथूनच नेमा. रविवारी रात्री फोन मंडळीनं करायचा, त्यांच्या फोनची वाट पाहायची नाही.