सांगलीत घराच्या बाहेरच्या भिंतींना उष्णतारोधक थर द्यावा काय?

विश्रामबागकर

नमस्कार. सांगलीतील विश्रामबाग भागात आमचे नऊ इंची विटांच्या भिंतींचे, वर स्लॅब असलेले एकमजली घर आहे. पश्चिमेकडील शयनगृहाची भिंत एप्रिल-मे महिन्यांत रात्री दहा वाजताही हाताला गरम लागते आणि तेथील एसी पहाटेपर्यंत बंद करता येत नाही. जर्मनीत नोकरी करणाऱ्या आमच्या मुलाचे म्हणणे असे की, तिकडे जुन्या घरांना बाहेरून थर्माकोलचे जाड तक्ते चिकटवून त्यावर जाळी व गिलावा करतात आणि त्यामुळे इंधनाचा खर्च बराच उतरतो. दिवाळीपूर्वी बाहेरचे रंगकाम करायचेच आहे, तेव्हा चारही भिंतींना असा थर देऊन घ्यावा काय? आपल्या पावसात तो टिकेल काय?

मिरजेतील स्थापत्य अभियंता

चारही भिंतींना थर देण्याचे कारण नाही. जर्मनीत हिवाळ्यात बाहेर शून्याच्या आसपास आणि घरात वीस अंश तापमान असल्यामुळे उष्णता सर्व बाजूंनी रात्रंदिवस निसटत असते. आपल्याकडे ती मुख्यतः उन्हामुळे आत येते, आणि ऊन सर्व भिंतींवर सारखे पडत नाही. सांगली सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य माथ्यावर येतो आणि पुढे ऑगस्टच्या आरंभापर्यंत मध्यान्ही किंचित उत्तरेकडेच राहतो. त्यामुळे ऐन मे महिन्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागत नाही. स्लॅबवर मात्र ते दिवसभर असते, आणि पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतर, हवा सर्वांत तापलेली असताना, थेट समोरून येते. नऊ इंची विटेतून ही उष्णता आत पोहोचायला सहा ते आठ तास लागतात, म्हणूनच तिसऱ्या प्रहराचे ऊन आपल्याला रात्री दहाला जाणवते.

ढोबळ आकडे पाहावेत. बारा फूट लांब व दहा फूट उंच भिंत आत-बाहेर २५ अंशांचा फरक असताना सुमारे ५५० वॉट उष्णता आत सोडते. ५० मिलिमीटर थर्माकोल लावल्यास ती १५० वॉटवर येते. त्याच खोलीवरील उघडा स्लॅब भर दुपारी थर नसलेल्या भिंतीच्या सुमारे तिप्पट उष्णता सोडतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत (घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमांत) छतासाठी उष्णता-वहनाची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॉट ठेवली आहे, आणि आपला साधा स्लॅब तिच्या जवळपास तिप्पट भरतो. तेव्हा आधी गच्ची करावी: स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, किंवा निदान ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग. पश्चिमेची भिंत त्यानंतर.

पाटण खोऱ्यातील वाचक

आमच्याकडे पाऊस सांगलीपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे ओलीबद्दल लिहितो. भिंतीत आधीच ओल असेल, तर तिचे मूळ शोधून ती पूर्ण वाळल्याशिवाय वर काहीही चिकटवू नये. थर्माकोल स्वतः फारसे पाणी पीत नाही, परंतु खिडकीच्या कडेने किंवा गच्चीच्या कठड्यावरून पाणी त्याच्यामागे शिरले, तर ते सहज वाळत नाही आणि गिलाव्याला पोपडे धरतात. म्हणून कठड्याच्या माथ्यावर पाणी बाहेर टाकणारी उतरती कड आणि खिडकीखाली पागोळी तोडणारी खाच या दोन गोष्टी गवंड्याकडून उभे राहून करून घ्याव्यात. तक्ते पॅकिंगच्या खोक्यातले नव्हेत, तर आग पसरू न देणाऱ्या प्रतीचेच घ्यावेत. वाळवीचा माग दिसावा म्हणून ते जमिनीपासून थोडे वर थांबवावेत. २०१९ किंवा २०२१ च्या पुराचे पाणी जेथे आले होते, तेथे थर्माकोलऐवजी वापरतात ती खनिज लोकर (उष्णता रोखणारा तंतुमय पदार्थ) तर मुळीच नको, कारण भिजली की ती निकामी होते.

वाईकडच्या दगड-मातीच्या जाड भिंतींच्या वाड्यांना हा उपाय लागू नाही. त्यांना चुन्याचा गिलावाच योग्य.

तासगावकर

पश्चिमेला जागा असल्यास भिंतीपासून फूटभर अंतरावर सांगाडा उभारून बेदाण्याच्या शेडला लावतात तशी हिरवी जाळी ताणावी. मधून हवा खेळते, ऊन भिंतीला लागतच नाही, आणि पावसाळ्यात जाळी उतरवून ठेवता येते. दिसायला ती फार शोभिवंत नसते, हे मान्य.

विश्रामबागकर

सर्वांचे आभार. गच्ची आधी करावी, हे पटले. तरीही पश्चिमेच्या भिंतीला थर दिलाच, तर वर्षाला किती रुपये वाचतील, याचा अंदाज मिळेल काय?

मिरजेतील स्थापत्य अभियंता

उदारपणे धरू. रात्री आठ तास सरासरी ३०० वॉट उष्णता कमी आली, तर ती २.४ युनिटांएवढी होते. एसी एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे रात्रीला ०.८ युनिट वीज वाचते. उन्हाळ्याच्या ९० रात्रींत ७२ युनिटे, आणि युनिटला दहा रुपये धरल्यास सातशे रुपयांच्या आसपास. कंत्राटदाराने या एका भिंतीसाठी दिलेल्या रकमेला सातशेने भागले की वसुलीची वर्षे कळतील. स्लॅबसाठी हाच हिशेब केल्यास बचत अडीच-तीन पटींवर जाते. एसी नसलेल्या खोल्यांत मात्र बिलातील बचत शून्य आहे. तेथे फक्त रात्रीची झोप सुधारते, आणि तीही संध्याकाळनंतर खिडक्या उघड्या ठेवल्या तरच.