प्रतिसाद: नवी एअर रायफल, विस्कटलेला नेम

घुशींसाठी घेतलेली नवी स्प्रिंगची एअर रायफल २० छर्रे उडवूनही धूर सोडते, नेम विस्कटतो, म्हणून ती परत करायला निघालात? थांबा जरा. रायफलच्या आतल्या सिलिंडरमधलं कारखान्याचं तेल दाबलेल्या हवेनं पेटतं, म्हणून तो धूर आणि जळका वास, आणि तोवर नेमही विस्कटतो. माझीही सुरुवातीला अशीच धुमसायची. आणि ती आवळून धरू नका. स्प्रिंगचा धक्का आधी मागे, मग पुढे बसतो, तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. डावा तळहात नुसता उशीसारखा खाली ठेवा. मुरबाडला काकांच्या गोठ्यामागे १० मीटरवर वहीचा कागद लावून असं केलं, तर पाच भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. घुशीवर नेम त्यानंतरच.

ठाण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र अजिबात नको, छर्रा भिंतीवरून उलटतो. परवान्याचं विचारलंत: २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार बोअर (नळीच्या आतला व्यास) ०.१७७ इंच आणि छर्रा सुटतानाची ऊर्जा २० ज्यूल, इथपर्यंत परवाना लागत नाही.