गेममधलं जेवण म्हणजे औषधाची गोळी. मऊभात तिथे बसणारच नाही

मऊभात_मेतकूट

थेट मुद्द्यावर येतो. गेममध्ये चमचमीत जेवण दाखवता येतं, पण ज्याने जिवाला बरं वाटतं ते जेवण दाखवता येत नाही. माइनक्राफ्टमध्ये तीन गहू एका ओळीत ठेवले की पाव तयार. तो खाल्ला की पडद्यावर भूक दाखवणाऱ्या दहा तंगड्यांपैकी अडीच भरतात. स्कायरिममध्ये ऐन लढाईत मेनू उघडायचा, जग थांबतं, आपण चीजच्या अख्ख्या चकत्या गिळतो आणि रक्त थांबवून पुन्हा तलवार उचलतो. हे काय जेवण झालं?

बरं नसताना घरी जे समोर येतं ते आपण निवडलेलं नसतं. मावळातल्या इंद्रायणीचा गुरगुट्या भात, वर साजूक तूप, मेतकूट, बाजूला लिंबाच्या गोड लोणच्याची फोड. कोणी विचारत नाही, वाटी आणून ठेवतात. त्याने ताप उतरत नाही. नुसतं बरं वाटतं. त्याचा आकडा कोणत्या पट्टीवर दाखवणार? गेममध्ये सगळं आपणच निवडायचं असतं, म्हणून हे तिथे जमणार नाही.

पटत नसेल तर बोला. 'गेम कमी खेळा' हा सल्ला घरून रोज मिळतो, तो इथे नको.

रात्रपाळी_हिंजवडी

पर्सोना ५ खेळला नाहीस का? नायकावर खटला होऊन तो प्रोबेशनवर टोकियोत येतो आणि एका कॅफेच्या माळ्यावर राहतो. मालक सोजिरो पहिल्या दिवसापासून तुसडा. पण सकाळी शाळेत जायच्या आधी तोच करीची ताटली समोर सरकवतो. तू मागितलेली नाहीस, निवडलेली नाहीस. तुझ्या व्याख्येत चोख बसते की!

मऊभात_मेतकूट

खेळलोय. पुढे सोजिरो तीच करी करायला शिकवतो, आणि मग ती डब्यात भरून न्यायची आणि नायकाच्या साथीदारांची शक्ती संपली की त्यांना वाटायची. झाली ना परत गोळी?

खान्देशी_ठसका

भाऊ, आधी मूळ दुखणं सांगतो. मेतकूट-भात हे आजाऱ्याचं खाणं आहे आणि पुण्याने ते सगळ्या महाराष्ट्राच्या नावावर खपवलंय. आमच्या जळगावकडे जिवाला बरं वाटायचं असेल तर पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत लागतं, हिरव्या मिरचीचं, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. डोळ्यातून पाणी आलं की समजायचं घरी पोचलो.

आता गेमचं. झेल्डाच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये तिखट मिरच्या घालून शिजवलेलं खाल्लं की बर्फाळ डोंगरावर थंडी बाधत नाही. तुम्ही याला औषध म्हणून नाक मुरडता. मी म्हणतो, याहून खरं जेवण कुठल्या गेमने दाखवलंय? भरीत पार्ट्या डिसेंबरात का होतात, मे महिन्यात का नाही? पूर्वीपासून माणूस अंगात काहीतरी घडावं म्हणूनच खातो. त्याचा आकडा गेमने लिहून दाखवला, एवढाच फरक.

रात्रपाळी_हिंजवडी

+१. आणि डिंकाचे लाडू काय चवीसाठी खातो का आपण? आजी तर 'कंबर धरली तर खा' असं सरळ सांगायची. हा बफच झाला, म्हणजे गेममध्ये थोडा वेळ मिळणारी जादा ताकद.

कोथरूडची_काकू

मी गेम खेळत नाही, पण गेम खेळणारा एक घरात पाळलाय, म्हणून बोलते. हाक मारली की 'मॅच चालू आहे, पॉज होत नाही' हे उत्तर ठरलेलं. अर्धा अर्धा तास चालते म्हणे एक मॅच. अरे, तव्यावरची भाकरीही पॉज होत नाही! जिंकला की स्क्रीनवर 'चिकन डिनर' लिहून येतं आणि ताटात दोडका बघून तोंड वाकडं. त्यामुळे गेममधलं जेवण खरं की खोटं हे तुम्ही ठरवा. माझं म्हणणं इतकंच, की खऱ्या जेवणाला गरम असण्याची मुदत असते.

नारायणपेठी

काकूंनी गंमतीत महत्त्वाचं सांगितलं. झेल्डाच्या पिशवीत शिजवलेलं अन्न कितीही दिवस तसंच गरम राहतं. ते असो.

माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो धागाकर्त्यालाही लागू आहे. निवड असते की नसते हा प्रश्नच नाही. झेल्डात भांड्यात जास्तीत जास्त पाच जिन्नस टाकता येतात. टाकले, हलकीशी धून वाजली, पदार्थ तयार. हायलियन तांदूळ आणि गोरॉन मसाला टाकला की करी-भात. त्याचं नाव, त्याची ताकद, सगळं भांड्यातच ठरून गेलं. आपलं जेवण भांड्यात संपत नाही, ते ताटात पुरं होतं. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भाताची मूद, वर वरण आणि तूप. मग जो तो आपापलं कालवतो. एकाच पातेल्यातलं वरण माझे वडील लिंबू पिळून पातळ करून भुरकायचे आणि भाऊ घट्ट गोळ्यासारखं खातो. एका पंक्तीला बसलेल्या चार जणांचे चार पदार्थ. या शेवटच्या टप्प्यासाठी मला माहीत असलेल्या एकाही गेममध्ये बटण नाही. तिथे जेवण म्हणजे खाणाऱ्याला हात न लावू देता पूर्ण झालेली वस्तू.

पिक्सेल_पाटील

पुण्यातच गेम बनवण्याचं काम करतो, म्हणून नारायणपेठींना कारखान्यातून उत्तर. बटण नसण्यामागे संस्कृतीपेक्षा खर्च जास्त आहे. पिझ्झाचा तुकडा, बर्गर, भाजलेली तंगडी या घट्ट आकाराच्या वस्तू. एकदा मॉडेल केलं की झालं, तयार मॉडेल विकतही मिळतात. वरण-भात म्हणजे सुटे दाणे, त्यात मुरणारा पातळ पदार्थ, वर वितळणारं तूप आणि त्यात पाच बोटं. हातातली तलवार दाखवणं सोपं, कारण मूठ एकदा आवळली की आवळली. घास घेताना प्रत्येक बोट वेगळं हलतं आणि भाताचा आकार दर क्षणाला बदलतो. एवढं करून खेळणारा ते दोन सेकंद बघणार आणि पुढच्या वेळी बटण दाबून टाळणार. मॉन्स्टर हंटरमधल्या बोक्याच्या खाणावळीचे प्रसंग इतके देखणे आहेत, तरी लोक ते टाळून शिकारीला पळतात.

आपल्याच शहरातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला. भारतीय पुराणकथा, रंगवलेल्या भिंती, महाल. आपली गोष्ट जगाला दाखवता येते हे सिद्ध झालं. पण देवदेवता आणि राक्षस दाखवणं कालवलेला भात दाखवण्यापेक्षा सोपं आहे, हे गमतीने नाही म्हणत.

नऱ्ह्याची_पीजी

इथले सगळे घरी जेवणारे दिसताय.

मी लातूरची. इथे शिकायला आहे, मेसचा डबा खाते. धागाकर्ते म्हणतात, जे आपण निवडत नाही आणि दुसरं कोणी समोर आणून ठेवतं तेच बरं वाटणारं जेवण. मग मेसचा डबा त्यात चोख बसतो: मी निवडत नाही, कोणीतरी आणून ठेवतं, आणि त्यातली बटाट्याची पिवळी भाजी बघून रडू येतं. तुम्हाला 'कोणीतरी' नाही, 'आई' म्हणायचं आहे. सरळ म्हणा ना.

२०२३ मध्ये आलेला 'वेंबा' खेळा. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब. आईने दिलेली पाककृतींची वही फाटलेली, काही ओळी पुसलेल्या. इडलीपात्राच्या ताटल्या कोणत्या क्रमाने रचायच्या हे खेळणाऱ्याने ताडायचं. चुकलं तर कोणी मरत नाही, पुन्हा करायचं. ताकदीची पट्टीच नाही. मुलगा लहानपणी या जेवणापासून लांब पळतो, आणि मोठा झाल्यावर त्यालाच ती वही उघडावीशी वाटते. दीड तासात संपतो. पाटीलदादा, यातलं जेवण सपाट चित्रांत काढलंय, सुट्या दाण्यांचा हिशोब न करता, आणि तेलात मोहरी तडतडल्याचा आवाज ऐकून माझ्या पोटात कालवलं.

रात्री अकराला मालकीणबाईंना कळू न देता इंडक्शनवर मी पिठलं करते. मीच निवडते, मीच करते, गुठळ्याही माझ्याच. बरं वाटतं. घर सुटलेल्या माणसाला निवडावंच लागतं. गेमला हेच तर येतं!

मऊभात_मेतकूट

मेसच्या डब्याचा टोला लागला. पण माघार घेत नाही. वेंबा मी खेळलोय आणि रडलोही. तरी तिथे मला जेवण मिळालं नाही, जेवणाची आठवण मिळाली. वही जोडणं, क्रम लावणं हे कोडं आहे, आणि कोडं सुटल्याचं समाधान वेगळं. तू पिठलं करतेस तेव्हा शेवटी ते खातेस. मी इडली रचली आणि उठून बिस्किट खाल्लं.

खान्देशी_ठसका

मग हा दोष बिस्किटाचा आहे, गेमचा नाही. उठून शेंगदाण्याची चटणी-भाकरी खायची होती.

रात्रपाळी_हिंजवडी

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममधली एव्हलिन आजी विसरलात सगळे. तिच्याशी मैत्री वाढली की ती पत्रातून तांदळाच्या खिरीची कृती पाठवते. दूध, साखर, तांदूळ. वेलची नाही, पण परदेशी आजीकडून एवढं चालवून घ्या.

कोथरूडची_काकू

तुम्ही सगळे रांधण्याचेच गेम काय सांगताय? वाढण्याचा करा. लग्नाची पंगत. आधी मीठ, मग लिंबू, चटणी, डावी बाजू पुरी. भात, वरण, तूप पडल्याशिवाय 'वदनी कवळ' नाही. मठ्ठेवाला अर्ध्या पंक्तीत अडकलेला, जिलबीवाला आग्रह करून परत मागे फिरलेला, कोपऱ्यातल्या आजोबांना आळणी भाजी हवी. खाणारा हाताने ताट झाकतो, तरी वाढायचं की सोडायचं हे तोंड बघून ठरवायचं. माझा मुलगासुद्धा खेळेल.

नारायणपेठी

यात निदान डावं-उजवं येईल. पण आग्रहाला मर्यादा ठेवा, पानात टाकलेल्या जिलबीचे गुण कापले पाहिजेत.

मऊभात_मेतकूट

म्हणजे पुन्हा आकडे आलेच.

पिक्सेल_पाटील

काकू, खेळेन मी. पण ताट झाकणारा हात खरा नको म्हणतोय की लाजून, हे प्रोग्रॅमला कसं सांगू? तेवढं एक लिहून द्या, मठ्ठेवाला या शनिवारी करून बघतो. पाच बोटं मात्र मागू नका, हातमोजा घालतो त्याला.