मदत हवी आहे: जुन्या वाड्याला मागून दोन खोल्या जोडायच्या आहेत

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या गावात आमचा पणजोबांच्या वेळचा वाडा आहे. सागाचे खांब, चुन्यातल्या दोन फूट जाड भिंती, वर कवेलू. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असले तरी माजघरात पंख्यावर भागते, म्हणून पाडायचा विचार नाहीच. पण आई सत्तरीची झाली. मागच्या पावसाळ्यात रात्री अंगण ओलांडून न्हाणीत जाताना घसरली. तिच्या खोलीला लागून संडास-बाथरूम हवे, मुलांना एक खोली. जागा मागे, जुन्या कोठ्याची.

अडचण जमिनीची आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. गवंडी म्हणतो, नवी भिंत जुनीला चिकटवून टाकू. मला पटत नाही. नवा पाया वेगळा बसेल आणि जोडावर तडा जाईल. शिवाय चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते. देवघराला तसे करून बसलो, आता पोपडे निघतात.

मधे फट सोडून स्वतंत्र पाया घेतला, तर त्या फटीत पावसाचे पाणी उतरू नये म्हणून काय करावे? काळ्या मातीत कुणी बांधले असेल तर पाया किती खोल नेला, खाली मुरूम भरला का, तेही सांगा. चुन्याचे काम जाणणारा गवंडी यवतमाळ-अमरावतीकडे असेल तर कृपया कळवा. पावसाआधी पाया तरी वर यायला हवा.