मदत हवी आहे: नवा मदरबोर्ड बसवला, पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, सीपीयूचा लाल दिवा विझत नाही

नमस्कार मंडळी,

कराडला माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मुख्य मशीन दुसऱ्या पिढीच्या आय-३ वरचं, अजूनही चालतं. पण विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आणि विंडोज ११ त्यावर बसत नाही; मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर त्याला चालत नाहीत. गिऱ्हाइकांचे आधार, पॅन, सातबारे रोज माझ्या मशीनवरून जातात. लोक विश्वासानं मोबाइल हातात देतात, त्यांचे कागद बिनअपडेटच्या मशीनवर उघडणं मला पटत नाही. म्हणून नवीन मशीन घेतलं आणि स्वतः जोडायचं ठरवलं, कारण पुढे काही बिघडलं तर दर वेळी कुणाची वाट बघत बसणं लग्नसराईत परवडत नाही.

सामान असं आहे: बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, रायझन ५ ९६००एक्स, डीडीआर५ ६००० च्या १६ जीबीच्या दोन रॅम, १ टीबी एनव्हीएमई डिस्क, ६५० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). ग्राफिक कार्ड नाही, कोरलड्रॉला लागत नाही. या प्रोसेसरसोबत कूलर येत नाही, तो वेगळा घेतला.

काय काय केलं ते सांगते. आधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर बसवला. एएम५ मध्ये (या प्रोसेसरच्या सॉकेटचा प्रकार) पिना सॉकेटमध्ये असतात, म्हणून बसवण्यापूर्वी मोबाइलच्या टॉर्चनं तिरकं बघितलं. सगळ्या पिना एका रांगेत चमकत होत्या, वाकडी एकही दिसली नाही. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेला जुळवला, दांडा दाबल्यावर काळं झाकण आपोआप सुटून वर आलं. ते खोक्यात जपून ठेवलंय. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, कट्ट आवाज येईपर्यंत. कॅबिनेटमध्ये बोर्डाला लागतील तेवढेच पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते खुंट) ठेवले, जास्तीचा एक काढून टाकला. २४ पिनी आणि वरच्या कोपऱ्यातली ८ पिनी, दोन्ही वायरी लावल्यात. कूलरची वायर सीपीयू फॅनच्या पिनांवरच आहे.

बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, मॉनिटरवर मात्र "नो सिग्नल". बोर्डाच्या उजव्या कडेला सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले), बूट असे चार बारीक दिवे आहेत. त्यातला सीपीयूचा लाल दिवा लागतो आणि तसाच राहतो. अर्धा तास चालू ठेवून बघितलं, फरक नाही. एचडीएमआय केबल आणि मॉनिटर जुन्या मशीनवर व्यवस्थित चालतात.

जिथून सामान घेतलं त्यांना फोन केला तर "बोर्ड गेला असेल, पुण्याला घेऊन या" एवढंच म्हणाले. बोर्ड खरंच गेलाय का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणखी एक, महत्त्वाचं आहे की नाही माहीत नाही: अनवाणी पायानं कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात.

प्रतिसाद १

ताई, रॅम काढा, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा आणि परत लावा. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये दर पावसाळ्यानंतर निम्मी मशीनं याच उपायानं सुरू होतात. एकच रॅम लावूनही बघा.

प्रतिसाद २

खोडरबर जुन्या, हवा लागून काळपट पडलेल्या रॅमसाठी ठीक. कोऱ्या रॅमला नको, रबराचा भुगा स्लॉटमध्ये गेला तर नवंच दुखणं. एकच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघायला हरकत नाही. पण ताईंचा दिवा सीपीयूचा आहे, डीरॅमचा नाही, आणि हा फरक मोठा आहे.

डीडीआर५ च्या मशीनला पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड रॅमशी वेग आणि वेळा जुळवून घेतो. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यात काही मिनिटं पडदा काळा राहतो आणि लोक घाबरून बटण बंद करतात. पण तेव्हा दिवा बहुतेक डीरॅमचा लागतो. सीपीयूचाच दिवा अडून बसला तर माझ्या अनुभवात तीनच गोष्टी निघतात: वरची ८ पिनी वायर नीट बसलेली नाही किंवा चुकीची आहे, सॉकेटची पिन वाकलीय, नाहीतर बोर्डाचा बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डातच साठवलेला प्रोग्रॅम) त्या प्रोसेसरला ओळखत नाही.

पिना तुम्ही पाहिल्यात. ८ पिनी वायर एकदा बघून घ्या. सीपीयूची वायर ४ अधिक ४ अशी फुटते, ग्राफिक कार्डाची ६ अधिक २. दोन्ही दिसायला सारख्या, आतली जोडणी उलटी. जोर लावून घातली असेल तर लगेच काढा.

वायर बरोबर असेल तर माझा संशय बायोसवर. बी६५० बोर्ड २०२२ मध्ये आले, तुमचा प्रोसेसर ऑगस्ट २०२४ चा. कारखान्यातून जुना बायोस घेऊन निघालेला बोर्ड दुकानात पडून राहिला असेल तर त्याला ९००० मालिकेची ओळखच नसते. बोर्ड गेलेला नसतो, प्रोसेसरही नाही. खोक्यावर "रायझन ९००० डेस्कटॉप रेडी" असा छोटा स्टिकर आहे का? आणि कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या सीपीयू सपोर्टच्या यादीत ९६००एक्स समोर कोणती बायोस आवृत्ती लिहिलीय?

धागाकर्ती

वायर बरोबर आहे, तिच्यावर सीपीयू असं छापलंय. स्टिकर नाही. यादीत प्रोसेसर आहे, आणि माझ्या बोर्डावरच्या पांढऱ्या चिठ्ठीवर जो आवृत्ती क्रमांक आहे तो यादीतल्यापेक्षा बराच खालचा आहे. म्हणजे तुमचा संशय बरोबर वाटतो. पण डिस्प्लेच नसताना बायोस अपडेट करायचा कसा? जुना प्रोसेसर उसना आणायचा का? कराडात एएम५ वापरणारं माझ्या ओळखीत कुणी नाही.

प्रतिसाद ३

आधी झिणझिण्यांबद्दल. दुकानात बाकीचे लोकही मशीनला हात लावत असतील, म्हणून हे सोडू नका.

एसएमपीएसच्या आत वीज स्वच्छ करणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. त्यातून झिरपणारा किंचितसा करंट अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे २३० पैकी ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी कमी, म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण एखाद्या दिवशी आत खरंच फेज पत्र्याला लागला तर त्याला जायला वाट नाही आणि फ्यूजही उडणार नाही, हा खरा धोका.

वायरमन बोलावून भिंतीवरच्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अर्थ आहे का ते मोजून घ्या. फेज आणि अर्थमध्ये जवळपास फेज-न्यूट्रलइतकेच व्होल्ट यायला हवेत. बऱ्याच जुन्या गाळ्यांत तीन भोकांचा सॉकेट असतो आणि मागे दोनच वायरी. दोन पिनांची एक्स्टेंशन मध्ये असेल तर ती आधी काढा. आणि तोवर कॅबिनेटमध्ये हात घालताना प्लग उपसून मगच घाला. मॉनिटर, प्रिंटर वेगळ्या सॉकेटवर चालू असताना त्यांच्या केबली लावू-काढू नका, पोर्ट जळायला तेवढं पुरतं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, अर्थिंगचं काम आधी.

बायोसचं: उसना प्रोसेसर लागणार नाही, बोर्डाच्या मागच्या बाजूला यूएसबी पोर्टांजवळ एक छोटं बटण शोधा. एमएसआय त्याला फ्लॅश बायोस म्हणते, असूस बायोस फ्लॅशबॅक, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस. सगळ्या बोर्डांवर नसतं, पण बी६५० मधल्या बऱ्याच बोर्डांवर आहे. यात प्रोसेसर आणि रॅमशिवायही बायोस बदलता येतो, फक्त २४ पिनी आणि ८ पिनी वायरींतून वीज मिळाली की झालं.

जुन्या मशीनवर ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉर्मॅट करा. कंपनीच्या साइटवरून फाइल घेताना मॉडेलचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. वाय-फायवाला आणि बिनवाय-फायचा, रिव्हिजन १.० आणि पुढची, यांच्या फाइली वेगळ्या असू शकतात, आणि रिव्हिजन बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेली असते. झिप उघडून आतली फाइल काढा, तिचं नाव मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं बदला (एमएसआयच्या बोर्डांना एमएसआय डॉट रॉम लागतं, इतरांचं वेगळं), आणि ती कुठल्याही फोल्डरमध्ये न टाकता थेट पेन ड्राइव्हवर ठेवा. विंडोजमध्ये फाइलींच्या नावाचं शेपूट (डॉट रॉमसारखं) लपवलेलं असतं, ते आधी दिसू द्या, नाहीतर नाव दुहेरी होतं आणि बोर्डाला फाइल सापडत नाही.

मग मशीन बंद ठेवून, पण एसएमपीएसचं मागचं बटण चालू ठेवून, पेन ड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टमध्येच लावा आणि ते बटण काही सेकंद दाबून धरा. दिवा लुकलुकायला लागला की हात बाजूला. पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. लुकलुकणं थांबलं म्हणजे झालं. सुरुवातीलाच काही सेकंदांत थांबून दिवा स्थिर राहिला तर फाइल वाचली गेली नाही असं समजा. दुकानात यूपीएस असेल तर त्यावरच करा, मध्येच वीज जायला नको.

धागाकर्ती

वायरमन येऊन गेला. सॉकेटच्या मागे अर्थची वायर खरंच नव्हती, मीटरपासून नवी ओढून घेतली. झिणझिण्या पूर्ण बंद. प्रतिसाद ३ वाल्या दादांचे मनापासून आभार, आमच्याकडे झेरॉक्स मशीनवर काम करणारी मुलगी रोज त्या पत्र्याला टेकून उभी राहते.

बोर्डाला बटण होतं. यूपीएसवर लावून सांगितल्याप्रमाणे केलं, दिवा लुकलुकला आणि थांबला. चालू केल्यावर सीपीयूचा दिवा क्षणभर लागून विझला! मग डीरॅमचा पिवळा लागला, तुम्ही लिहिलं होतं म्हणून हात आवरून बसले. थोड्या वेळानं मशीन आपोआप एकदा बंद-चालू झालं आणि पडद्यावर अक्षरं उमटली. पण आता तिथे "न्यू सीपीयू इन्स्टॉल्ड, एफटीपीएम एनव्ही करप्टेड" असं काहीसं लिहून वाय की एन असं विचारतंय. करप्टेड वाचून पुढे जायचा धीर होईना. मशीन तसंच सोडलंय.

प्रतिसाद २

वाय दाबा, निर्धास्त. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरच्या आतली किल्ल्यांची तिजोरी. बोर्डाला नवा प्रोसेसर दिसला की ती नव्यानं तयार करू का असं तो विचारतो. तुमची एनव्हीएमई कोरी आहे, गमावण्यासारखं काही नाही. बिटलॉकरनं (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) बंद केलेली जुनी डिस्क लावली असती तर आधी रिकव्हरी की हाताशी घ्या म्हटलं असतं. विंडोज ११ ला ही तिजोरी लागतेच, टीपीएम २.० म्हणतात ती हीच.

प्रतिसाद ४

विंडोज टाकताना आणखी एक अडथळा येईल. सेटअप मध्येच इंटरनेट मागतो आणि नव्या बोर्डांच्या लॅन-वाय-फायचे ड्रायव्हर त्यात बरेचदा नसतात. मोबाइल यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग (मोबाइलचं इंटरनेट मशीनला देणं) चालू करा, ते सहसा लगेच ओळखलं जातं. नंतर चिपसेट आणि लॅनचे ड्रायव्हर बोर्डाच्या साइटवरून घ्या.

आणि जुनं मशीन लगेच विकू नका. डीटीपीवाल्यांकडे मराठी फॉन्टचं यूएसबी हार्डवेअर लॉक असतं, जुन्या लॉकचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालेलच असं नाही. तोवर जुनं मशीन इंटरनेटची वायर काढून फक्त जुन्या पत्रिका उघडायला ठेवा.

धागाकर्ती

वाय दाबलं, विंडोजही झालं, टेदरिंगची सूचना फार कामाला आली. लॉकचं खरंच तसंच आहे, कंपनीकडून नवीन ड्रायव्हर मागवलाय.

शेवटची शंका. रॅम ६००० ची घेतली, पण टास्क मॅनेजरमध्ये ४८०० दिसते. फसवणूक झाली का? बायोसमध्ये एक्स्पो नावाचं काही दिसतंय, ते चालू करू का?

प्रतिसाद २

फसवणूक नाही. ४८०० हा रॅमचा स्वतःचा ठरलेला वेग, ६००० एक्स्पो चालू केल्यावरच मिळतो. कोरलड्रॉ आणि पत्रिकांच्या कामात फरक फारसा जाणवणार नाही, म्हणून लग्नसराईत हात लावू नका असंच मी म्हणेन. सवडीनं केलंत तर त्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला पुन्हा ट्रेनिंग होतं, पडदा काही मिनिटं काळा राहील, थांबा. अजिबातच आला नाही तर प्लग उपसून, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं काही सेकंद जोडा, म्हणजे बोर्ड परत ४८०० वर येईल.

धागाकर्ती

मग तुळशीचं लग्न ते जून एवढा काळ ४८०० वरच राहू दे. कॅबिनेटचं झाकण आज लावते. त्या काळ्या झाकणाचं काय करू, टाकून दिलं तर चालेल?

प्रतिसाद ३

टाकू नका. बोर्ड कधी वॉरंटीत पाठवायचा झाला तर सॉकेटवर ते झाकण लावूनच द्यावा लागतो, नाहीतर पिना वाकल्या म्हणून परत पाठवतात. बिलासोबत खोक्यात ठेवा.