२००३ ची एमएक्स-५: सस्पेन्शन, चाकं आणि रंगरूप, आधी कशाला हात घालू?

चाकवत:
नमस्कार मंडळी. गाडी माझदा एमएक्स-५ (दोन सीटची, कापडी छताची स्पोर्ट्स कार), मार्क २.५ (दुसऱ्या पिढीची सुधारित आवृत्ती), १.८ स्पोर्ट, २००३ ची. सहा गिअर, कारखान्यातूनच आलेले बिलस्टीन शॉकअप, १६ इंची चाकं. ९४ हजार मैल झालेत. मुक्काम इंग्लंडमधलं लेस्टर, म्हणजे हिवाळाभर रस्त्यावर मीठ.

गतिरोधकावरून जाताना मागून ठक्क असा आवाज येतो. मोटरवेवर गाडी सरळ राहत नाही, स्टिअरिंग सतत सावरावं लागतं. हेडलाइट पिवळे पडलेत, पुढच्या बंपरला तडा आहे.

डोक्यात आहे ते असं: स्वस्तातले कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच) टाकून गाडी ५० मिमी खाली घ्यायची, १७ इंची चाकं, पुढच्या बंपरखाली फायबरचा लिप (शोभेची पट्टी), हेडलाइटला एलईडी बल्ब. बजेट १५०० पौंड. घरी जॅक, दोन स्टँड, टॉर्क रेंच आहे. वेल्डिंग येत नाही. कुठून सुरुवात करू?

गंजशोधक:
एक पौंडही खर्च करण्याआधी गाडी उचलून खालून बघा. मार्क २ आणि २.५ ची खरी दुखरी जागा म्हणजे पुढचे चॅसिस रेल (गाडीच्या सांगाड्याच्या लांब पोकळ तुळया). तिथे पत्रा दुहेरी आहे. दोन थरांच्या मध्ये ओल साचते आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणजे बाहेरून काळा रंग शाबूत दिसतो आणि आत भुगा झालेला असतो. अँटी-रोल बारचे (वळणात गाडी कलंडू न देणाऱ्या दांड्याचे) ब्रॅकेट जिथे बसतात त्याच्या आसपास आणि तिथून मागे हलक्या हातोडीनं ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला किंवा कडेचा जोड फुगलेला दिसला तर जाड पेचकस टेकवून दाबा.

तिथे भोक पडलं तर बाकीची यादी बाजूला ठेवा. सस्पेन्शनच्या जोडणीपासून ३० सेंमीच्या आत पत्रा कुजला असेल तर एमओटीत (ब्रिटनच्या वार्षिक वाहन-तपासणीत) गाडी नापास होते, आणि ते बरोबरच आहे. दुरुस्तीचे तयार पत्रे मिळतात, पण काम वेल्डरचं. नुसता एक पत्रा वरून चिकटवून देणाऱ्याकडे जाऊ नका. सडलेला भाग कापून काढायलाच हवा.

दुसरी जागा: दाराखालचा सिल मागच्या चाकाला जिथे भेटतो तो कोपरा. कापडी छताचं पाणी सीटबेल्टच्या खांबांच्या पायथ्याशी असलेल्या भोकांतून खाली जातं. पानं-माती अडकून ती तुंबली की पाणी सिलमध्ये आणि गालिच्याखाली जातं. सायकलच्या ब्रेकची जुनी केबल हलक्या हातानं फिरवून मोकळी करा. हवेचा जोरदार फवारा मारू नका, आतली रबरी नळी निसटते आणि मग पाणी थेट केबिनमध्ये उतरतं.

वर लिप आणि खाली भोक म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा.

पाना१७:
गंजशोधकांशी सहमत. रेल ठीक निघाले असं धरून पुढचं सांगतो.

तुमची दोन्ही लक्षणं 'गाडी उंच आहे' म्हणून नाहीत. ठक्क आवाज बहुधा शॉकअपच्या वरच्या माउंटच्या रबरातून, अँटी-रोल बारच्या लिंकमधून किंवा चुरा झालेल्या बंप-स्टॉपमुळे (शॉकअप तळाला आपटू नये म्हणून असलेल्या ठोकळ्यामुळे) येतोय. लिंक आधी तपासा, सगळ्यात स्वस्त तीच. भटकण्यामागे तीन संशयित: म्हातारे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं), टाय-रॉडची (स्टिअरिंगच्या दांड्यांची) टोकं आणि बिघडलेलं अलाइनमेंट (चाकांचे कोन). टायरवरचा चार आकडी कोडही बघा. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २०१५ चे टायर असतील तर खोबण कितीही उरली असली तरी बदला. रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर पकडत नाही.

ही गाडी चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म. भूमिती उत्तम, पण बुश भरपूर, आणि वीस वर्षांत सगळे मेलेले. पॉलियुरेथेन की रबर हा वाद इथे कायम चालतो. रोज चालवायच्या गाडीला मी अस्सल रबर सांगेन. पॉलीला ग्रीस लागतं, ते सुकलं की कुरकुर सुरू.

शॉकअप: त्याच बिलस्टीनचे नवे किंवा कोनी स्पोर्ट, आणि साधारण २५-३० मिमी खाली नेणाऱ्या जोडीच्या स्प्रिंगा. त्याबरोबर वरचे माउंट, बंप-स्टॉप आणि धूळरोधक बूट नवे घ्याच. जुने माउंट परत बसवणं म्हणजे नवा भात जुन्या करपलेल्या पातेल्यात.

पुढचा शॉकअप काढण्याचा क्रम असा. बॉनेटखालचे दोन नट (१४ चा पाना) नुसते ढिले करा. मधल्या दांड्याच्या नटला गाडीवर असताना हात लावू नका, स्प्रिंग दाबलेली आहे. चाक काढा, अँटी-रोल बारची लिंक सोडवा, शॉकअपचा खालचा बोल्ट (१७ चा) काढा. मग वरच्या आर्मचा लांब बोल्ट काढून आर्म बाजूला घ्या म्हणजे जागा होते. नकलचा (चाकाचा हब धरणाऱ्या भागाचा) भार ब्रेकच्या नळीवर येऊ देऊ नका, तारेनं बांधून ठेवा. मागच्या शॉकअपचे वरचे नट डिकीत आहेत, अस्तराच्या आत.

स्प्रिंग काढण्यापूर्वी माउंटवर आणि खालच्या बुशच्या रेषेत पांढऱ्या पेननं खूण करा. माउंटला दोनच स्टड आहेत. खालच्या बोल्टच्या दिशेशी त्यांचा कोन जुळला नाही तर गाडीत बसवताना स्टड भोकात जात नाहीत, आणि सगळं पुन्हा स्प्रिंग दाबायच्या कंप्रेसरवर चढवावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आर्मचे आणि शॉकअपच्या खालचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना आवळायचे नाहीत. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. हवेत आवळलंत तर गाडी खाली टेकताच रबराला कायमचा पीळ बसतो. गाडी उंच उभी राहते, कडक वाटते आणि नवे बुश वर्षभरात फाटतात. एक तर गाडी रॅम्पवर चारी चाकांवर उभी करून आवळा, नाहीतर खालच्या आर्मखाली जॅक लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर नेहमीच्या उंचीइतकं करा आणि मग टॉर्क द्या. चाकांचे नट ८९ ते ११७ न्यूटन-मीटर. बाकीचे आकडे वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, अंदाजानं नको.

चाकवत:
रेल ठोकून पाहिले, दोन्ही बाजूंनी टणटणीत. उजव्या सिलच्या मागच्या कोपऱ्यात रंग फुगलाय.

दोन शंका. कॉइलओव्हर का नको? त्याच पैशांत उंची तरी हवी तशी ठेवता येते. आणि मागच्या खालच्या आर्मचा एक कॅम बोल्ट (फिरवून चाकाचा कोन बदलायचा बोल्ट) हलायला तयार नाही. मोठा पाईप लावून जोर दिला तर तुटेल का?

खडखड:
कॉइलओव्हरला सरसकट नावं ठेवू नका, पण स्वस्त आणि चांगला हे दोन वेगळे प्राणी आहेत. प्रश्न उंचीचा नाही, शॉकअपच्या प्रवासाचा आहे. या गाडीत खाली-वर जायला मुळातच जागा थोडी. कारखान्यानंही बंप-स्टॉप हा स्प्रिंगचाच दुसरा टप्पा म्हणून वापरलाय. ५० मिमी खाली नेलीत की गाडी जवळजवळ स्टॉपवरच बसते. मग प्रत्येक खड्डा थेट शरीराला लागतो आणि वळणात एक चाक अचानक कडक होऊन पकड सुटते. लोक म्हणतात 'स्पोर्टी झाली'. ती स्पोर्टी नाही, ती तळाला आपटतेय.

आकड्यांत: फ्लाइंग मिआटाच्या (एमएक्स-५ चेच सुटे भाग बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या) स्प्रिंगा पुढे ३१८ आणि मागे २३३ पौंड प्रति इंच, म्हणजे अंदाजे ५.७ आणि ४.२ किलो प्रति मिमी. कोनी स्पोर्टचा रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उसळताना आवरण्याची ताकद) या स्प्रिंगांना पुरतो. रस्त्यासाठी ही जोडी झकास. स्वस्त किटांत स्प्रिंगा त्याहून बऱ्याच कडक येतात, पण आतला डॅम्पर त्यांना आवरू शकत नाही, म्हणून गाडी उड्या मारते. कडक बटण फिरवून ते सुधारत नाही, कारण त्या बटणानं बऱ्याचदा कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध) आणि रिबाउंड दोन्ही एकदम बदलतात. शिवाय मिठात दोन हिवाळे काढले की उंची बदलायच्या चुड्या (आटे) जाम होतात, आणि 'हवी तशी उंची' कागदावर राहते.

उंचीचा माझा हिशोब: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत ३३०-३३५ मिमी. मागे पुढच्यापेक्षा पाच-सहा मिमी जास्त. ३२० च्या खाली फक्त फोटोसाठी.

आणि जाड अँटी-रोल बार मागे बसवायचा मोह टाळा. ओल्यात ही गाडी मागून सुटायला तशीही उत्सुकच असते.

पाना१७:
कॅम बोल्टबद्दल: हो, तुटेल. किंवा त्याहून वाईट, बोल्ट फिरल्यासारखा वाटेल आणि आतली नळी रबरासकट फिरत असेल. बोल्टाचं डोकं आणि नळी एकत्र हलतायत का ते टॉर्चनं बघा. तसं असेल तर बोल्ट नळीतच गंजून चिकटलाय.

प्लसगॅससारखं भेदक तेल दोन्ही टोकांना रोज, चार-पाच दिवस. नेहमीचा पाणी घालवणारा फवारा इथे कुचकामी आहे. मग नट थोडा सैल करून त्याच्यावरच तांब्याच्या हातोडीनं ठोका, म्हणजे चुड्या वाचतात. आवळा-सोडा, आवळा-सोडा. तरी नाही हललं तर उष्णता, पण मागे पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या आहेत, त्यामुळे इंडक्शन हीटर असलेल्या गॅरेजकडूनच. शेवटचा उपाय म्हणजे ब्रॅकेट आणि बुश यांच्या फटीतून दोन्ही बाजूंनी करवतीनं बोल्ट कापणं. त्यात बुश जातो, पण तो तुम्ही बदलणारच आहात. नवे बोल्ट आणि कॅम प्लेटा आधी मागवून ठेवा. बसवताना दांड्याला अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारं) ग्रीस लावा, चुड्यांना नको.

मागच्या नकलमधून जाणारा खालचा लांब बोल्टही याच जातीचा आहे. त्यालाही आत्तापासून तेल पाजायला लागा.

हे चार कोपरे मोकळे झाल्याशिवाय अलाइनमेंटची वेळ घेऊ नका. कॅम फिरत नसतील तर गॅरेजवाले फक्त पुढचा टो (चाकं आत-बाहेर वळलेली किती ते) बदलून पैसे घेतील.

शेंदरी_बॉनेट:
रूपाबद्दल कोणी बोलेना, म्हणून मी.

१७ इंची चाकं नकोत. जड असतात, टायरची भिंत पातळ, आणि या हलक्या गाडीला ते वजन लगेच जाणवतं. १५ इंची, ७ रुंद, ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून बसण्याच्या पृष्ठभागाचं अंतर) ३५ मिमीच्या आसपास, ४x१०० (१०० मिमीच्या वर्तुळावर चार) बोल्ट, मधलं भोक ५४.१ मिमी. भोक मोठं असेल तर त्या मापाच्या कड्या घ्या, नाहीतर ताशी ६० मैलांवर स्टिअरिंग थरथरतं. स्पोर्टचे पुढचे ब्रेक मोठे आहेत, म्हणून १४ इंची बसत नाहीत. १५ मध्येही काडीचा आकार कॅलिपरला घासत नाही ना ते खात्री करून घ्या.

टायरचा व्यास आत्ता २०५/४५ आर१६ चा ५९१ मिमी. २०५/५० आर१५ घेतलात तर ५८६, स्पीडोमीटर जवळजवळ तसाच. १९५/५० आर१५ चा ५७६, म्हणजे मीटर सुमारे अडीच टक्के जास्त दाखवेल आणि गाडी साडेसात मिमी आपोआप खाली. हवा २६ पीएसआय. गॅरेजवाले ३२ भरून देतात, तपासा.

मागच्या मडगार्डची कड आत वळवण्याच्या भानगडीत पडू नका. या चाकांना गरज नाही, आणि तिथला रंग एकदा तडकला की गंजाला आमंत्रण. सिलचा फुगलेला कोपरा मात्र यातच उरकून घ्या: पत्रा उघडा, कुजलेलं कापा, नवा तुकडा वेल्ड, मग आतून मेणाचा फवारा. नुसतं पुट्टी भरून रंगवलंत तर पुढच्या हिवाळ्यानंतर तिथेच परत येईल.

लिप फायबरचा नको, पॉलियुरेथेनचा घ्या. तो वाकतो, फायबर फुटतो. मागवताना '२००१ पासूनचा' असं स्पष्ट सांगा. १९९८-२००० चा बंपर वेगळा आहे आणि त्याचा लिप तुमच्याला बसत नाही. बंपरचा तडा आतून प्लास्टिक वेल्डिंगनं भरून मग रंगवा.

एलईडी बल्ब विसरा. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी किंवा एचआयडी (झेनॉन) बल्ब घातलेला एमओटीत नापास होतो, आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. तुमचा दिवा कमी नाही, काच आंधळी आहे. कडेनं मास्किंग टेप लावून ओल्या पॉलिश-पेपरनं ८००, १५००, २०००, ३००० या क्रमानं घासा. दर टप्प्याला दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले का ते कळतं. मग कंपाउंड, मग अल्कोहोलनं पुसून अतिनील-रोधक क्लिअर कोट. हा शेवटचा थर टाळलात तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं. गाडी खाली आली की दिव्यांची पातळीही परत लावून घ्या.

आणि स्प्रिंगा, चाकं, लिप सगळं विमा कंपनीला कळवा. हप्ता वाढला तरी कळवा.

खडखड:
अलाइनमेंटचा कागद मागाल तेव्हा हे आकडे द्या. पुढे कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) उणे १ अंश, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कल) ५ अंशांच्या आसपास आणि दोन्ही बाजूंत फरक कमीत कमी, टो शून्य किंवा एकूण १ मिमी आत. मागे कॅम्बर उणे दीड, टो एकूण २ मिमी आत. मागचा टो बाहेर गेला तर ओल्यात गाडी चालवू नका. टाकी अर्धी भरा आणि चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाची पोती ठेवा; सव्वा टनाच्या आतल्या गाडीत ८० किलोनं आकडे हलतात. स्प्रिंगा बसवल्यावर शंभरेक मैल चालवा, बसू द्या, मगच न्या.

१५०० मध्ये शॉकअप, स्प्रिंगा, माउंट, बुश आणि अलाइनमेंट एवढंच जेमतेम बसेल. आहेत ती १६ इंची चाकं सरळ असतील तर यंदा तीच राहू द्या, आणि सिलचं वेल्डिंग लिपच्या आधी.